पाऊण तास मागे

महाडच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कारखान्यांची ऑफिसं, दवाखाने, झेरॉक्सवाले, दोन-तीन शाळा, अशी माझी गिऱ्हाइकं. दुरुस्तीला बाई आलेली बघून लोक पहिल्यांदा माझ्या मागे बघतात, बरोबर कोणी पुरुष आहे का म्हणून. मग सवय होते. हे जे सांगते आहे ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. यात चूक माझी होती, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळीची चढण लागायच्या आधी रस्त्याकडेला एक छोटं हॉटेल आहे. चहा, भजी, ऑम्लेट, सांगितलं तर जेवण. नवराबायको दोघंच चालवतात. त्यांना सगळे चाचा-चाची म्हणतात, मीही म्हणते. चाचांनी आयुष्याची बरीच वर्षं आखातात काढली. तिथे एका मोठ्या इमारतीत, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसून राहायची नोकरी होती त्यांची. परत येऊन हॉटेल काढलं तेव्हा त्यांनी आधी चार कॅमेरे लावून घेतले आणि मग फ्रिज आणला. चोरीची भीती नव्हती. समोर पडदा नसला की त्यांना चैन पडत नसे, एवढंच.

ते कॅमेरे एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेले होते. कॉम्प्युटर मीच दिलेला, वापरलेला. हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी त्याची हार्ड डिस्क गेली म्हणून मी नवीन बसवली. मशीन जुनं, डिस्क नवी. जुन्या मशीनला डिस्क जोडायला रुंद, चपटी, रिबिनीसारखी केबल लागते. नव्या डिस्कला बारीक. म्हणून मध्ये एक छोटं कन्व्हर्टर लावावं लागतं. इथपर्यंत ठीक होतं. पण त्या रिबिनीत दोन जाती आहेत, चाळीस तारांची आणि ऐंशी तारांची. दिसायला जवळपास सारख्याच. ऐंशीवालीत प्रत्येक कामाच्या तारेशेजारी एक मोकळी तार असते, त्यामुळे एका तारेतला गोंधळ दुसरीत जात नाही आणि माहिती वेगाने पाठवली तरी शाबूत पोचते. त्या दिवशी माझ्या बॅगेत चाळीसवालीच होती. लावून बघितली, चालली. पुढच्या खेपेला बदलू म्हटलं. पुढची खेप आलीच नाही.

जुलैत चाचांचा फोन आला.

"मॅडम, कॅमेरा मागे राहतो."

"मागे म्हणजे?"

"म्हणजे मी गल्ल्यावरून उठून आत येतो, बघतो, तर पडद्यात मी अजून गल्ल्यावरच. चाची तर आता त्या खोलीत जायला तयार नाय."

मला वाटलं एक-दोन सेकंदांचा फरक असेल. जुन्या मशीनवर पडतो तेवढा. तरी पोलादपूरला दुसरं काम होतं, ते आटोपून मी तशीच स्कूटर पुढे काढली.

पाऊस भुरभुरत होता, पण धुकं असं उतरलं होतं की समोरच्या गाडीचा आवाज आधी यायचा आणि दिवे नंतर. हॉटेलवर पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. गिऱ्हाईक एकही नव्हतं. बाहेरच्या पडवीत बाकावर फक्त आजोबा बसलेले. वरच्या वाडीत राहणारे, ऐंशीच्या पुढचे. वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून त्यांचा मुंबईतला मुलगा रोज चार वाजता चाचांच्या फोनवर फोन करायचा आणि आजोबा त्यासाठी दुपारीच खाली येऊन बसायचे. मी स्कूटर स्टँडवर लावली, आवाजाच्या दिशेने त्यांनी हात वर केला, मीही केला. आत गेले.

पडद्याची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली अंधारी कोठी. तिथून बाहेरचं काही दिसत नाही. पडवीलाही पावसाची झड येऊ नये म्हणून निळी ताडपत्री सोडलेली. पडद्यावर चार चौकोन होते: रस्ता, पडवी, गल्ला, स्वयंपाकघर. पडवीच्या चौकोनात आजोबा बसलेले दिसत होते. मी नुकतीच त्यांना तिथे बघून आले होते, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. कोपऱ्यात तारीख-वेळ असते, पण मशीनची आतली बॅटरी संपलेली होती, त्यामुळे तिथे कुठल्यातरी भलत्याच जुन्या सालातली एक जानेवारी दिसत होती. चाचांनी ती कधी मनावर घेतली नव्हती.

चाचा मागे पंप लावून टाकी भरायला गेले. चाची दारातूनच म्हणाली, "ताय, ता बंद करून टाक ना. मी हितं उभी असते आनि तितं ती कांदा कापत असते."

"ती कोण?"

"मीच. पन आता तिला मी कशी म्हनू?"

मी हसले आणि कामाला लागले. माउस हलवला की बाण चिखलातून पाय काढल्यासारखा हलायचा. प्रोसेसर पूर्ण गुंतलेला होता. डिस्क तपासली, डिस्क ठणठणीत. मग ती कुठल्या वेगाने जोडली गेली आहे ते उघडून पाहिलं आणि मला कळलं.

हे थोडं समजावून सांगते. डिस्क कितीही मोठी, कितीही वेगवान घेतली तरी तिच्यातून मशीनच्या मेंदूपर्यंत जायला वाट एकच असते. त्या वाटेला आमच्या धंद्यात बस म्हणतात. एरवी त्या वाटेवरची ने-आण परस्पर होते, प्रोसेसरला त्यात पडावं लागत नाही. पण वाटेत माहिती बिघडायला लागली की विंडोज चुका मोजतं, आणि फार झाल्या की वेग एकेक पायरी खाली आणतं. सगळ्यात खालच्या पायरीला प्रोसेसरलाच प्रत्येक तुकडा स्वतः उचलून द्यावा लागतो. मग दुसरं काही करायला त्याला सवडच राहत नाही. पावसाळी दमट हवेत माझ्या त्या चाळीस तारांच्या केबलने चुका केल्या होत्या, आणि मशीन उतरत उतरत त्या शेवटच्या पायरीवर येऊन बसलं होतं.

या वेळी ऐंशीवाली केबल बॅगेत होती. मशीन बंद करून ती लावली की दहा मिनिटांचं काम. बंद करायला हात पुढे केला आणि शेजारच्या फळीवरचा फोन वाजला. हॉटेलात रेंज त्या फळीवरच येते, म्हणून चाचांचा फोन तिथेच असतो. पंपाच्या आवाजात चाचांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी उचलला.

"चाचा?"

"चाचा मागे आहेत. मी कॉम्प्युटर दुरुस्तीला आले आहे."

"अच्छा. ताई, माझे बाबा आहेत का तिथे? आज शेजारणीने वाडीवरून खाली येऊन फोन केला होता. म्हणाली, सकाळपासून काहीतरी वेगळंच बोलतायत. पलीकडे जायचंय, पलीकडे जायचंय, असं."

मी पडद्याकडे बघितलं. "आहेत ना. बाकावर बसलेत. मला समोर दिसतायत."

"नक्की ना?"

"अहो, बघतेच आहे मी त्यांच्याकडे. देऊ का फोन?"

"नको, बसू दे. पोलादपूरला माझा मित्र आहे, त्याला चार-साडेचारपर्यंत गाडी घेऊन पाठवतो. तोवर तिथेच असू देत म्हणजे झालं. थँक्यू हां. जिवात जीव आला."

फोन ठेवून मी पुन्हा पडद्याकडे वळले तेव्हा रस्त्याच्या चौकोनात धुक्यातून एक स्कूटर आली. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. लाल रेनकोटातल्या बाईने स्कूटर स्टँडवर लावली. डिकीतून बॅग काढली. उजवा पाय दोनदा झटकला, बुटातलं पाणी जावं म्हणून. मग ती पडवीच्या चौकोनात आली. आजोबांनी हात वर केला. तिनेही केला.

माझा लाल रेनकोट कोठीच्या दारामागे खिळ्याला लटकत होता, अजून ठिबकत.

मला आधी भीती वाटली नाही. आधी मी फक्त घड्याळ बघितलं. साडेतीन. मी आले पावणेतीनला. पडदा पाऊण तास मागे होता. मुलाला मी जे सांगितलं ते आजोबांबद्दल नव्हतंच. ते पाऊण तासापूर्वीच्या एका माणसाबद्दल होतं. मी स्वयंपाकघरातून पळत बाहेर आले आणि ताडपत्री बाजूला केली. बाक रिकामा होता. बाकाखाली चहाचा पेला होता, रिकामा, गार पडलेला.

मी चाचांना ओरडून बोलावलं. ते काही न विचारता मोटरसायकल काढून वाडीच्या चढाने गेले. आजोबा उठले की घरीच जातात, दुसरीकडे जाणार कुठे? मीही निघाले होते, तोच मनात आलं की ते कुठे गेले हे त्या खोलीतल्या मशीनला माहीत आहे. फक्त त्याने ते अजून सांगितलेलं नाही.

तो प्रोग्राम आलेलं चित्र आधी डिस्कवर उतरवायचा आणि मग पडद्यावर दाखवायचा. डिस्कची वाट तुंबलेली, त्यामुळे मागे पडलेली चित्रं मेमरीत रांग लावून उभी होती. पावणेतीन ते साडेतीन हा सगळा वेळ त्या रांगेत होता. मघाशी मशीन बंद केलं असतं तर ती रांग पुसली गेली असती. फोन वाजला नसता तर मी बंद केलंच असतं. तो विचार आला आणि तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मी परत कोठीत जाऊन मशीनमागच्या चारी कॅमेऱ्यांच्या वायरी ओढून काढल्या. नवीन चित्रं येणं थांबलं की ती आवळून लहान करायचं प्रोसेसरचं काम कमी होईल आणि तो मागचं भराभर उतरवेल, एवढाच हिशेब होता. झालंही तसंच. चौकोनांतली माणसं जरा लगबगीने हलायला लागली. धुकं वाहत्या पाण्यासारखं रस्त्यावरून सरकायला लागलं.

चाची माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. इतके दिवस त्या खोलीत न येणारी बाई, माझ्या खांद्याला घट्ट धरून उभी. स्वयंपाकघराच्या चौकोनात ती पाठमोरी होती, दुधाच्या टोपापाशी.

"आता ती मागं बघल," चाची म्हणाली.

पडद्यातल्या चाचीने मागे बघितलं.

"आता तिचं ध्यान जाईल आनि दूध उतू जाईल."

दूध उतू गेलं. पडद्यातली चाची फडकं शोधत धावली. माझ्या खांद्यावरची बोटं आणखी रुतली. "जागेवरच आसतं तिचं फडकं," चाची पुटपुटली, "खांद्यावर हाय तिच्या. सांग ना तिला कुनीतरी."

मी पडवीच्या चौकोनावरची नजर काढत नव्हते. आजोबा बसलेले. चहा संपवला. पेला बाकाखाली ठेवला. गुडघ्यांवर हात ठेवून बसले. किती वेळ बसले कोण जाणे. पडद्यातली वेळ आणि आमची वेळ यांचं काही नातं उरलं नव्हतं. मग ते एकदम उठले. टोपी नीट केली. आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघायला लागले.

मी आयुष्यात कॅमेऱ्यांची पुष्कळ चित्रं बघितली आहेत. लोक कॅमेऱ्याकडे बघतात ते एक क्षण, चोरून, नाहीतर केस सारखे करायला. आजोबा तसे बघत नव्हते. समोर उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे बघत होते. मध्येच त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्यासारखी. चाची म्हणाली, "ह्यो आपल्याला बघतोय." मी म्हटलं, नाही, कॅमेऱ्याला बघतायत. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

मग ते वळले आणि पडवी उतरले. रस्त्याच्या चौकोनात आले. वाडीची वाट उजवीकडे वर जाते. ते डावीकडे खाली वळले, कठड्याच्या तुटक्या भागातून.

"पऱ्या!" चाची किंचाळली. "पऱ्यावरची जुनी वाट!"

रस्त्यावर पूल व्हायच्या आधी लोक खालचा ओढा, पऱ्या म्हणतात त्याला, तिथून ओलांडून पलीकडच्या गावांना जात. आता त्या वाटेने कोणी जात नाही. दरड घसरून अर्धी वाट गेलीच आहे. चाची पुढे, मी मागे, अशा आम्ही उतरलो. पाय निसटत होते. धुक्यात पुढची चाचीसुद्धा मधूनमधून दिसेनाशी व्हायची. खालून पाण्याचा आवाज असा येत होता की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. मी दोन हाका मारल्या. "आजोबा! थांबा!" दोनच. तिसरीला गरज पडली नाही.

ते पऱ्याच्या काठावर एका धोंड्यावर बसले होते. एक चप्पल गेलेली, पायघोळ धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. पाणी दोन हातांवरून धावत होतं. त्यांचं तोंड पाण्याकडे नव्हतं, आमच्याकडे होतं, वाटेकडे. आम्ही यायची वाट बघत बसावं तसं.

"काय गो बाय," ते माझ्यावरच चिडले, "किती येळ हाका मारतंस? थांबलो ना मी."

"आत्ताच मारली आजोबा हाक."

"आत्ता कुठची? मगाशी. पान्यात पाय घातला तवा. आजोबा थांबा, आजोबा थांबा. म्हनून तर मागं फिरलो. चप्पल गेली ना माजी त्यात."

चाचीने माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पायाला हात लावला. बर्फासारखा गार होता. ते तिथे बराच वेळ बसलेले होते, यात शंका नव्हती.

आम्ही दोघींनी मिळून त्यांना वर आणलं. चाचा परत आलेले होते. आजोबांना चुलीपाशी बसवून चाचीने त्यांना चाचांचा कोरडा सदरा घातला, पाय शेकले. चारचा फोन उचलायला कोणी नव्हतं, तो साडेचारला पुन्हा वाजला. चाचा म्हणाले, मी बोलतो. मी म्हटलं, नको, मीच बोलते.

मी मुलाला होतं तसं सांगितलं. पडदा मागे होता, मी बाहेर जाऊन बघायला हवं होतं, मी बघितलं नाही, आणि तो पडदा मागे राहिला तो मी बसवलेल्या केबलमुळे. पलीकडे त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"तुम्ही म्हणालात, बघतेच आहे," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मी फोन ठेवून जेवायला गेलो हो, ताई. आज डबा तसाच राहिला होता."

यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलाचा मित्र गाडी घेऊन आला आणि आजोबांना घेऊन गेला. केबल मी त्याच संध्याकाळी बदलली. वेगाची पायरी पुन्हा वर आणली, बॅटरी नवीन टाकली. मशीन असं पळायला लागलं की चाचा गल्ल्यावर हात हलवायचे आणि पडद्यातला हात बरोबरीने हलायचा. पैसे देत होते, मी घेतले नाहीत. पण पाणी, पळापळ आणि वीज जाणं यांत ती दुपारची रांग कुठे गेली ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. आम्ही खाली गेलो होतो तेवढ्यात दिवे जाऊन आले होते. अर्धवट उतरवलेली फाइल उघडेना. आजोबा उठून उभे राहिले आणि वर बघत राहिले, ते चाची आणि मी सोडून कोणी बघितलेलं नाही.

त्यांनी ऐकलेल्या हाकेचा मी पुष्कळ विचार केला. माणूस म्हातारा, गारठलेला, धुक्यात एकटा. आमची हाक आणि त्याआधीचा वेळ त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळला असेल. असंच असणार. माझ्या कामात तर मी रोज हेच बघते. आधीचं नंतर पोचतं, नंतरचं आधी. पण ते मागे फिरले हे खरं आहे. पाण्यात पाय घालून मागे फिरले, आणि तेव्हा मी कोठीत बसून पडद्यावर त्यांना बाकावर बसलेलं बघत होते.

पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा तिकडे गेले. काम नव्हतं, मुद्दामच गेले. आजोबा बाकावर होते, नव्या चपला घालून. मी शेजारी बसले. चाचीने आम्हा दोघांना चहा आणून दिला.

"तुमच्या त्या मशीनीत मी अजून हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. जुनं पुसून त्यावर नवीन लिहितं ते."

"बरा झाला." ते थोडा वेळ फुंकर घालत राहिले. "मला काय आठवत नाय त्या दिसाचा. काय करीत व्हतो मी?"

"उठलात, टोपी सारखी केलीत, आणि वर कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिलात."

"कॅमेरा? हितं हाय कॅमेरा?"

मी वाशाला लावलेला कॅमेरा बोट करून दाखवला. ते उठले, अगदी त्याच जागी उभे राहिले आणि मान वर केली. डोळे बारीक केले, हाताची सावली धरली, इकडे तिकडे मान वळवली.

"माज्या डोल्यांत मोतीबिंदू हाय गो," ते म्हणाले. "मला ह्या हाताची बोटा मोजता येत नाय. वर काय दिसनार?"

ते परत बसले आणि चहा प्यायला लागले. गणपतीनंतर मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला, असं चाची फोनवर म्हणाली. तिथे त्यांचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना चांगलं दिसतं.